शुद्धलेखनाची यमके : काय टिकले, काय गळाले

१८ जून
सातवी-आठवीच्या मराठीसाठी या सत्रात शुद्धलेखनाची यमके तयार करायला घेतली आहेत. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांमधून चुकणाऱ्या शब्दांची यादी काढली. दर वर्षी तेच शब्द येतात: 'परिक्षा', 'महत्व', 'आर्शिवाद', 'सहस्त्र', 'उत्कृष्ठ', 'दूधाला', 'पूजारी'. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यात पडलेली चारांची भर, असे अठरा नियम दर वर्षी फळ्यावर येतात, वहीत उतरतात आणि वहीतच राहतात. नियम घडाघडा म्हणणारी मुलगीसुद्धा निबंधात 'परिक्षा' लिहिते, कारण लिहिण्याच्या ओघात नियम आठवायला सवड नसते. बे एके बे मात्र कधीही विचारा, तोंडातून बाहेर पडते. त्या पाढ्यासारखे काहीतरी शुद्धलेखनाला मिळावे अशी इच्छा आहे.

कार्डशीट, जाड स्केच पेन आणि दोरी, खर्च १५० रुपये. या नोंदी हाच खटाटोप करणाऱ्या इतर शिक्षकांसाठी आहेत, म्हणून चुकीची रूपेही अवतरणात लिहिली आहेत. वर्गातल्या भिंतीवर मात्र चुकीचे रूप लावायचे नाही.

२४ जून
पहिले यमक असे केले:

परीक्षा नाही शिक्षा,
ती अभ्यासाची दीक्षा.

मुलांना फार आवडले. मधल्या सुट्टीत ओसरीवर गात होती. दुसऱ्या दिवशी श्रुतलेखन घेतले तर 'परिक्षा' होती तिथेच होती, शिवाय काल बरोबर लिहिणाऱ्यांच्या वह्यांत 'शीक्षा' आणि 'दिक्षा' असे नवे पाहुणे आले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, तिन्ही सारखंच ऐकू येतं की." बरोबर आहे त्याचे. परीक्षेतली री दीर्घ, शिक्षेतली शि ऱ्हस्व, दीक्षेतली दी पुन्हा दीर्घ, आणि आपण बोलताना तिन्ही जवळजवळ एकाच मापाने बोलतो. यमकाने तिन्ही शब्द एका दोरीत ओवले आणि होता तो थोडासा फरकही पुसून टाकला.

म्हणून ते यमक मोडले. आता एका यमकात एकाच जातीचे शब्द:

परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा,
तिघींच्या पोटी दीर्घ ईक्षा.

ईक्षा म्हणजे पाहणे, एवढे सांगून पुरले. परि + ईक्षा, सम् + ईक्षा, प्रति + ईक्षा. कार्डावर ई मोठी आणि लाल काढली. निरीक्षक आणि पर्यवेक्षक हे शब्द मुलांनी आपणहून आणले. निरीक्षक बसला, पर्यवेक्षकात परि + अव + ईक्षक असे जुळताना अ आणि ई मिळून ए झाला आहे, म्हणून तो बाजूला ठेवला. शिक्षा आणि भिक्षा यांची जोडी वेगळ्या कार्डावर, वेगळ्या आठवड्यात. दीक्षा एकटीच उरली, तिला 'दीक्षेला दीर्घ काळ' हे दोन शब्द दिले. दीर्घ या शब्दाची दी कोणी चुकत नाही.

२ जुलै
सहस्र, अजस्र, हिंस्र यांत त नसतो. शस्त्र, वस्त्र, शास्त्र यांत असतो. यावरून जुळवलेले यमक:

सहस्र, अजस्र, हिंस्र,
हाती कुणाच्या नाही शस्त्र.

अर्थाने चोख आहे, शस्त्रातला त यांच्याकडे नाही हे सांगते. तरीही फसले. म्हणताना शेवटचा शब्द घुमत राहतो, आणि शेवटचा शब्द होता शस्त्र. पुढच्या श्रुतलेखनात 'सहस्त्र' आधीपेक्षा जास्त वह्यांत सापडला. 'नाही' हा शब्द यमकात टिकत नाही. जे नको आहे तेच नाव घेऊन सांगितले की मुलांच्या हातात तेच उतरते.

यावर सापडलेला उपाय यमकाचा नाही, तोडून म्हणण्याचा आहे. सहस्–र. अजस्–र. हिंस्–र. स् वर थांबायचे आणि र ला पाय आपटायचा. त ला शिरायला जागाच राहत नाही. स्रोत आणि स्राव यांचेही तसेच: स् म्हणून थांबायचे, मग रोत, राव. दोन्ही शब्द वाहणे या अर्थाच्या स्रु धातूचे आहेत, हे सांगितल्यावर रक्तस्राव आपोआप सुधारला. एका मुलीची शंका होती की स्रोतात त आहेच, मग 'त नाही' असे का म्हणता? तो शेवटचा त. तेव्हापासून 'त नाही' हे वाक्यच वर्गात वापरायचे बंद केले.

याच तोडण्याने आशीर्वाद सुटला. आ, शीर्, वाद. तीन टाळ्या. रफार दुसऱ्या टाळीच्या शेवटी येतो, म्हणजे वा च्या डोक्यावर. 'आर्शिवाद' लिहिणारे मूल टाळी वाजवताना आर्, शि, वाद असे म्हणते आणि स्वतःच थांबते, कारण तसे कोणीच उच्चारत नाही. ज्या चुकीचा उच्चार खऱ्या उच्चाराहून वेगळा होतो, ती चूक टाळ्यांनी पकडता येते.

९ जुलै
ट आणि ठ. आधी केलेले यमक:

ज्येष्ठ म्हणे कनिष्ठाला, ठसठशीत काढ ठ;
निष्ठा गेली, प्रतिष्ठा गेली, जर लिहिलास ट.

फळ्यावर लिहिता लिहिताच पुसले. २ जुलैचीच गत झाली असती, शेवटी ट घुमत राहिला असता. त्याऐवजी ज्या शब्दांतला ठ मुले झोपेतही चुकत नाहीत ते शेजारी घेतले:

ज्येष्ठ श्रेष्ठ, पाठ ताठ;
निष्ठा प्रतिष्ठा, पक्की गाठ;
कनिष्ठ वरिष्ठ, करती पाठ.

हे पक्के बसले. का लिहायचे याचा धागाही दिला: सर्वांत मोठा तो ज्येष्ठ, सर्वांत लहान तो कनिष्ठ, सर्वांत चांगला तो श्रेष्ठ. पण इथेच खड्डा आहे, पुढे येणाऱ्यांनी जपावे. 'सर्वांत' म्हटले की ठ, असे मनात धरून मुले 'उत्कृष्ठ' लिहू लागली, कारण उत्कृष्ट म्हणजेही सर्वांत चांगलेच. हा शब्द मात्र कृष्ट च्या घरचा आहे, निकृष्ट आणि आकृष्ट यांचा भाऊ. त्याच्यासाठी वेगळी ओळ करावी लागली:

केले कष्ट, काम उत्कृष्ट,
ट दिसतो किती स्पष्ट.

दोन्ही कार्डे एकाच भिंतीवर लावायची नाहीत. ठ चे खिडकीच्या बाजूला, ट चे दाराच्या बाजूला. मुले आठवताना मान वळवतात ते पाहून ही जागा ठरवली.

१६ जुलै
महत्त्व, तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व. 'महत्त्वाला दोन त' एवढेच सांगणारी ओळ आठवडाभर चालवली. महत्त्व सुधारले, पण त्याच वह्यांत नेतृत्त्व, अस्तित्त्व, दासत्त्व असे दुहेरी त पिकले. म्हणजे ओळीने शब्द शिकवला, कारण शिकवले नाही. मग शेवटचे त्व कापून मागे काय उरते ते पाहायला लावले. महत् उरला, तत् उरला, सत् उरला: यांना स्वतःचा त आहे, त्यावर त्व चा त. नेतृ, अस्ति, दास उरले: यांच्या शेवटी त् नाही, म्हणून एकच.

महत्, तत्, सत्, यांना त्व जोडा,
दोन त लिहा, एकही न सोडा;
नेतृ, अस्ति, दास नि कवी,
एकाच त ची जोडणी हवी.

अस्ति मध्ये त आहे अशी हरकत आली. आहे, पण तो ति झाला आहे, पाय मोडलेला त् नाही. इथे मुलांना पाय मोडलेला त् म्हणजे काय हे आधी दाखवावे लागते, नाहीतर सगळे फुकट जाते. यात एक तास गेला आणि तो गेला याचे वाईट वाटत नाही.

२५ जुलै
वरची यमके तीन बाय चार फुटांच्या फ्लेक्सवर छापून घेतली, २४० रुपये. घरी उलगडून पाहिला तर 'महत्व'. छपाईच्या दुकानात माझा मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये नव्याने टाइप केला गेला होता आणि त्त्व चा एक त गळाला होता. शुद्धलेखनाचा फ्लेक्स अशुद्ध लावता येत नाही, म्हणून पुन्हा छापला, पुन्हा २४०. या वेळी मजकूर घरच्या संगणकावर युनिकोडमध्ये लिहून, त्याची चित्र-फाईल करून दिली आणि सांगितले, टाइप करू नका, आहे तसेच छापा. त्त्व, ज्ज्व, त्स्य अशी तिहेरी अक्षरे असतील तर छापण्याआधी पडद्यावर मोठी करून बघा. उज्ज्वल या शब्दाचेही असेच हाल होतात.

३ ऑगस्ट
आजपासून ऱ्हस्व-दीर्घ. सगळ्यात जास्त चुका इथे आहेत आणि यमक सगळ्यात दुबळे इथेच पडते. गुण आणि ऊन यांचे यमक कानाला गोड लागते, आणि गु ऱ्हस्व, ऊ दीर्घ. मराठीत शेवटचे अक्षर अकारान्त असले की त्याच्या आधीची इ, उ आपण लांबवूनच बोलतो. संस्कृतातून आहे तसा आलेला गुण, विष, मंदिर, पंडित हा शब्दही लांबवतो. लिहिताना मात्र तो ऱ्हस्वच लिहायचा. म्हणजे कान इथे साक्षीदार म्हणून उभा करता येत नाही.

दोन गोष्टी करून पाहिल्या. पहिली, साखळी: अरुण, वरुण, तरुण, करुण, निपुण, अर्जुन. सगळे ऱ्हस्व, सगळे एका जातीचे, एका दमात म्हणायचे. चालली.

दुसरी, अर्थाच्या लांबीवरून अक्षराची लांबी. ही मुलांना इतकी आवडली की घरी जाऊन पालकांना विचारू लागली.

सूत लांब असते म्हणून दीर्घ; सुत म्हणजे मुलगा, लहान, म्हणून ऱ्हस्व.
शीर अंगभर धावते, दीर्घ. शिर एका जागी, ऱ्हस्व.
सूर लांबवायचा असतो, दीर्घ. सुर म्हणजे देव, ऱ्हस्व.
पीक शेतभर पसरते, दीर्घ. पिक म्हणजे कोकिळ, इवलासा, ऱ्हस्व.
दिन मावळतो, ऱ्हस्व. दीनाचे हाल संपत नाहीत, दीर्घ.
पूर पसरतो, दीर्घ: नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, पंढरपूर.

गावाच्या नावातल्या पूर चा पाण्याच्या पुराशी संबंध नाही, हे मुलांना स्पष्ट सांगितले. फक्त आठवायला तो धरायचा. आठवणीची खूण आणि खरी व्युत्पत्ती यांची सरमिसळ होऊ देणे मला मान्य नाही. परि + ईक्षा खरे आहे, पसरलेला पूर ही खूण आहे, आणि मुलाला कोणते काय हे माहीत असले पाहिजे.

या युक्तीला चिर या शब्दाने धक्का दिला. चिर म्हणजे दीर्घकाळ, आणि लिहायचा ऱ्हस्व. चीर म्हणजे वस्त्र किंवा फट, तो दीर्घ. अर्थाच्या लांबीवर विसंबलेल्या मुलांनी 'चीरकाल' लिहिले. ही जोडी कार्डावरून काढून टाकली. चिरंजीव हा शब्द लग्नपत्रिकेवर रोज दिसतो, त्यावरून चिर लक्षात ठेवायला सांगितले.

१२ ऑगस्ट
आजची नोंद सगळ्यांत महत्त्वाची.

परिपाठात मुले मनाचे श्लोक म्हणत होती. बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक न करणारी हीच मुले गाताना प्रत्येक लघु अक्षर झटकन सोडत होती आणि गुरूवर थांबत होती. तसे केल्याशिवाय चाल बसतच नाही. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत: एका ओळीत बारा अक्षरे, चार य गण, प्रत्येक य गण लघु-गुरु-गुरु. यमाताराजभानसलगं हे गणांचे सूत्र आम्हांला शाळेत पाठ होते. त्यातला यमाता म्हणजे हाच य गण, लगागा.

मधल्या सुट्टीत चुकणाऱ्या शब्दांची यादी घेऊन बसले आणि लगागात बसणारे शब्द वेचले. पुजारी. पु लघु, जा गुरु, री गुरु. भिकारी. दिवाळी. मिठाई. पूजा या शब्दामुळे मुले 'पूजारी' लिहितात, भीक मुळे 'भीकारी', दीप मुळे 'दीवाळी'. ओळी अशा झाल्या:

दिवाळी मिठाई गुलाबी सुपारी
शिपाई पुजारी भिकारी शिकारी

आठवीच्या तासाला श्लोकाच्या चालीवर म्हणायला लावल्या. मग मुद्दाम पू लांबवून 'पूजारी' असे गायले. वर्गातून एकदम "नाही, नाही, चुकलं!" असा आवाज आला. बोलताना जो फरक कोणालाच ऐकू येत नव्हता तो गाताना पन्नास मुलांना एका क्षणी ऐकू आला. यमकाने जे होत नाही ते वृत्ताने होते. लांबी मोजणे हे वृत्ताचे कामच आहे, आणि ज्यांना छंद माहीत नाही त्यांच्याही कानात तो श्लोकांमधून लहानपणीच गेलेला असतो.

गुलाबी आणि सुपारी फारसे कोणी चुकत नाही. ते ठेका धरून ठेवण्यासाठी हवेत. सगळेच अवघड शब्द घातले तर चाल पकडायला भरवशाचे काही उरत नाही.

एक अट: ओळी गायच्याच. नुसत्या वाचल्या तर पुन्हा सगळे सपाट होते. शेजारच्या वर्गाला तासभर आवाजाचा त्रास झाला, तेव्हा गाण्याचा तास शेवटचा ठेवा.

२१ ऑगस्ट
त्याच चालीवर सामान्यरूपे घेतली. फूल, मूल, तूप, दूध यांची ऊ दीर्घ, पण विभक्ती लागली की ऱ्हस्व होते. 'दूधाला', 'फूलाचा' हे सगळ्या वह्यांत असतात, दुकानांच्या पाट्यांवरही असतात.

फुलाला मुलाला तुपाला दुधाला
चुलीला सुनेला खिरीला पिठाला

बारा-बारा अक्षरे, एकही लघु जागा सोडून नाही. आठ दिवसांत 'दूधाला' जवळजवळ संपला. मुलांनी स्वतःच्या ओळी केल्या. एकीने 'विटेला तिळाला भिकेला मिठाला' आणली आणि ती मी कार्डावर घेतली. एकाने 'हुशारी पुढारी निवारा किनारा' आणली. एकाने विद्यार्थी सुचवला. तो बसत नाही, कारण पुढच्या द्या या जोडाक्षरामुळे वि वर भार येतो आणि ती लघु राहत नाही. ही अडचण पुढे भोवणार हे तेव्हाच कळले.

त्याआधी दुसरी भोवली. मुलांनी 'शुराला', 'विराला', 'रुपाला' लिहायला सुरुवात केली. शूर, वीर, दीप, रूप हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, त्यांची ई-ऊ विभक्ती लागूनही दीर्घच राहते. यांच्यासाठी वेगळी चाल लागली. हे शब्द तीन गुरूंचे आहेत, म्हणून कवायतीच्या संथ ठेक्यावर पाय आपटत घेतले:

शूराला, वीराला, दीपाला, रूपाला.

प्रश्न राहतो तो हा की मुलाने ओळखायचे कसे, कोणता शब्द कोणत्या चालीचा. त्यावर कामचलाऊ तोडगा: घरातले, चुलीजवळचे शब्द आखूड होतात, पोथीतले आहेत तसे राहतात. खीर, पीठ, तूप, दूध, चूल घरातले. शूर, वीर, दीप, रूप पोथीतले. हा तोडगा सगळीकडे पुरत नाही, पण सातवीच्या पुस्तकातल्या बहुतेक शब्दांना पुरला.

३० ऑगस्ट
वृत्ताची मर्यादा. परीक्षा हा शब्दही लगागाच आहे, म्हणून तो त्याच चालीत घातला आणि 'परिक्षा' गाऊन दाखवला. काहीच बिघडले नाही. री ऱ्हस्व केली तरी पुढच्या क्ष च्या आघाताने ती गुरूच मोजली जाते. म्हणजे ज्या इकार-उकाराच्या पुढे जोडाक्षर आहे तिथे चाल गप्प बसते. कीर्ती, मूर्ती, पूर्ण, सूर्य, तीक्ष्ण, सगळे याच कारणाने बाहेर. यांपैकी रफाराच्या शब्दांना मुलांनी साखळी केली: कीर्ती, मूर्ती, पूर्ती, स्फूर्ती. चारही दीर्घ, चारही यमकात. वृत्त जिथे थांबते तिथे एकाच जातीचे यमक पुन्हा कामाला येते.

आज पंधरा मिनिटांत उरकलेली एक सोपी गोष्ट: हळूहळू, मुळूमुळू यांत दुसरे आणि चौथे अक्षर दीर्घ, आवाजाची नक्कल करणारे दुडुदुडु, लुटुलुटु, रुणुझुणु ऱ्हस्व. 'आजी चाले हळूहळू, बाळ धावे दुडुदुडु.' संथ चाल दीर्घ, भरभर चाल ऱ्हस्व. एकदा अभिनय करून दाखवला, पुन्हा सांगावे लागले नाही.

१० सप्टेंबर
इतर विषयांचे शिक्षक आपापल्या याद्या घेऊन आले. विज्ञानाला काही करावे लागले नाही, इंद्रधनुष्याचे तानापिहिनिपाजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. ते टिकण्याचे कारण आज नीट पाहिले. पिवळा आणि पारवा दोन्ही प चे, नारिंगी आणि निळा दोन्ही न चे, पण पि-पा, ना-नि असा स्वराचा फरक आहे, म्हणून गोंधळ होत नाही.

भूगोलात तीच युक्ती फसली. कोकणातले जिल्हे उत्तरेकडून दक्षिणेकडे: पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आद्याक्षरे जोडली तर मु दोनदा येतो आणि रा आधी की र आधी हे कोणालाच आठवत नाही. एका मुलीने शेवटाकडून पाहिले: रायगडात गड, रत्नागिरीत गिरी, सिंधुदुर्गात दुर्ग. गड, गिरी, दुर्ग. दक्षिणेचे तीन जिल्हे सुटले. आद्याक्षरांवर अडलात तर शब्दाचा शेवट बघा.

गणिताच्या सरांना वर्तुळाचा परीघ हवा होता. त्यांना भास्कराचार्यांकडे पाठवले, ज्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. बाराव्या शतकातल्या लीलावतीत व्यासाला 'भनन्दाग्नि' ने गुणून 'खबाणसूर्य' ने भागायला सांगितले आहे. भ म्हणजे नक्षत्रे २७, नंद ९, अग्नी ३. एकंस्थानापासून मांडत गेले की ३९२७. ख म्हणजे आकाश, शून्य, बाण ५, सूर्य १२, म्हणजे १२५०. भागाकार ३.१४१६. आकडे शब्दांत गुंफून श्लोकात बसवायची ही भूतसंख्येची पद्धत, म्हणजे आम्ही करतोय त्याच कामाचे फार जुने आणि फार देखणे रूप.

मुलांनी लगेच सनावळ्या केल्या. वार-वेद-ग्रह-चंद्र: ७, ४, ९, १, म्हणजे १९४७. आकाश-ऋतू-ग्रह-चंद्र: १९६०. वेद-वार-ऋतू-चंद्र: १६७४, शिवराज्याभिषेक. सुरुवातीला अनेकांनी डावीकडून लिहून ७४९१ साल काढले. 'अंकानां वामतो गतिः' हे सूत्र फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहिले आणि वर बाण काढला. सहासाठी रस वापरू नका. जुन्या संकेतात रस सहा आहेत, मुलांच्या डोक्यात नवरस असतात.

२४ सप्टेंबर
साखळ्यांचा एक दोष बाहेर आला. निपुण कसा लिहायचा विचारले की मुले अरुणपासून सुरुवात करतात, ओठ हलवत निपुणपर्यंत येतात. पाढ्याचेही तेच, सात आठे किती विचारले की सात एके सातपासून गाडी सुटते. परीक्षेत एवढा वेळ नसतो. म्हणून रोज दोन मिनिटे मधूनच विचारायचे: "करुणच्या आधी कोण? पुजारीच्या पुढे कोण?" आणि साखळी कधी शेवटून म्हणायची. भुजंगप्रयाताच्या ओळींना हा त्रास कमी होतो, कारण प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा सुटा तुकडा आहे. 'पुजारी' एकटा गुणगुणला तरी त्याचा ठेका त्याच्याबरोबर येतो.

पावसाच्या नक्षत्रांच्या म्हणी एका मुलाने आजीकडून आणल्या, 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' वगैरे. त्या क्रम सांगत नाहीत, नक्षत्र आणि पीक यांची जोड सांगतात. म्हणून त्यांना मधून विचारले तरी चालते. जिथे जमेल तिथे लांब साखळीऐवजी अशी दोघांची जोडीच करावी, या मताला मी आता आले आहे.

९ ऑक्टोबर
सत्र परीक्षेचे पेपर तपासून झाले. पुजारी, भिकारी, दुधाला, पिठाला: जवळजवळ सगळे शुद्ध. ज्येष्ठ, निष्ठा, उत्कृष्ट: चांगले. महत्त्व: चांगले, पण नेतृत्वात दुहेरी त अजून काही वह्यांत दिसतो. सहस्र: निम्मे, कारण पेपर लिहिताना पाय आपटता येत नाही आणि मनातल्या मनात थांबायची सवय झालेली नाही. गुण, विष, मंदिर या जातीचे शब्द: साखळीत होते ते सुधारले, साखळीबाहेरचे जसेच्या तसे. कुसुम आणि मधुर मी साखळीत घेतलेच नव्हते, तिथे 'कुसूम' आणि 'मधूर' भरपूर आहेत. ज्याची ओळ केली तेवढेच सुधारते, आपोआप पसरत नाही.

कार्डे लॅमिनेट करून घेतली, १८० रुपये. आजवरचा सगळा खर्च ८१० रुपये, त्यातले २४० त्या गळालेल्या त चे.

१६ ऑक्टोबर
पुढच्या सत्रासाठी यादी: कुसुम-मधुर-चतुर-विदुर ही साखळी (चारही ऱ्हस्व, तपासून घेतली). कविराज, गुरुदक्षिणा, भक्तिभाव, म्हणजे एकटे असताना दीर्घ आणि समासात ऱ्हस्व होणारे शब्द. यांना कवी-कविराज अशा जोड्याच कराव्या लागतील. आणि अनुस्वार. मुलाला-मुलांना, फुलाला-फुलांना यांत चाल काही मदत करत नाही, दोन्ही रूपे लगागाच आहेत. पण इथे अनुस्वार नाकातून स्पष्ट ऐकू येतो, म्हणून दिवाळीनंतर नाकाला बोट लावून म्हणण्यापासून सुरुवात करून बघणार आहे.